ढोले सरांचं हेलिकॉप्टर

ढोले सर लग्नाला आले तरी शर्टाच्या खिशात टेस्टर घेऊन यायचे. पेन विसरतील, चष्मा विसरतील, टेस्टर नाही. अमरावतीच्या आमच्या आयटीआयमध्ये ते वायरमन ट्रेड शिकवायचे आणि मी शिवणकाम. माझ्या मशिनी ज्या खोलीत, तिच्या भिंतीपलीकडे त्यांची कार्यशाळा. एकवीस वर्षं आमच्यामध्ये तेवढी एक भिंत होती.

आमच्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न परतवाड्याला होतं. वरात मांडवाच्या दारात आलेली, बँडवाले घामाघूम, नवरदेव घोडीवरून उतरायच्या बेतात, आणि आमचे सर मांडवाच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावून उभे. टेस्टरचा दिवा लागला. सरांनी दोन्ही हात पसरले आणि अख्खी वरात तिथल्या तिथे थोपवली. हेडक्लार्क धावत आले. म्हणाले, "सर, मुहूर्त चालला ना."

"मुहूर्त दुसरा भेटते," सर म्हणाले. "नवरदेव दुसरा कुठून आणता?"

लायटिंगवाल्याला शोधून, खांबाखाली दबलेली वायर सापडून, ती दुरुस्त होईपर्यंत पाऊण तास गेला. हेडक्लार्क पुढे सहा महिने सरांशी बोलले नाहीत. त्या दिवशी सरांना शेवटच्या पंगतीला बसवलं, तेही हात धुवायच्या पिंपाजवळ. सरांनी जिलबी मागून घेतली. या माणसाला अपमान कळायचा नाही की कळून तो दाखवायचा नाही, ते मला कधी समजलं नाही.

उंच, वाळके, पाठीत थोडे वाकलेले. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागच्या स्विचबोर्डकडे बघायचे. मला सुरुवातीला फार राग यायचा. एकदा मी म्हटलं, "सर, मी इकडे आहे." तर म्हणाले, "मॅडम, तो वरचा प्लग जळेल आहे. त्यात इस्त्री लावू नका." पाहिलं तर खरंच जळालेला होता. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पोट्ट्यांना शिकवताना त्यांचा आवाज भिंतीतून माझ्याकडे यायचा. "करंटले घाई नाई राहत. घाई तुमालेच राहते." हे वाक्य माझ्या शिवणाच्या मुलींनाही पाठ झालं होतं. जोडणी झाली की लगेच चालू करायची नाही, आधी तीन तपासण्या. तिन्ही झाल्या की सर म्हणायचे, पुन्हा कर. आणि प्रत्येक कामाचा एक कागद: दोष, कारण, उपाय. एखाद्याने दोषाचा रकाना कोरा ठेवून कागद दिला की सर तो परत करायचे. "दोष नाई असं काम नसते बाबू. तू पाह्यलं नाई." पोट्टे वैतागायचे, पाठीमागे नकला करायचे. पण त्यांच्या हाताखालचं कुणी शॉक लागून मेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

सर मूळचे अकोल्याचे. वडिलांची बाळापूर रोडला झेंडूची शेती आणि गावात हारांचं दुकान. सर शाळेत असताना कुणी मंत्री हेलिकॉप्टरने येणार होते. हारांची मोठी ऑर्डर वडिलांना. पहाटेपासून घर ओवायला बसलेलं, सुया बोटांत रुतलेल्या. मैदानात टेबलावर हारांचे ढीग लावून ठेवले. हेलिकॉप्टर खाली आलं आणि त्याच्या वाऱ्याने टेबलासकट सगळे हार उडाले. काही बाभळीवर, काही पोलिसांच्या अंगावर, एक थेट कलेक्टरच्या गळ्यात. वडील डोकं धरून बसले. सर म्हणायचे, "बाबा हाराकडं पाहून राहिले होते अन् मी वर. एवढं मोठं धूड, अन् हवेत थांबते. पुढं नाई, मागं नाई. थांबते. मले वाटलं, आपल्यालेबी असं काई थांबवता आलं पाह्यजे." ही गोष्ट ते जरासुद्धा न हसता सांगायचे, आणि मी दर वेळी पोट धरून हसायचे.

म्हणून नोकरीत स्थिर झाल्यावर, पोरीचं शिक्षण उरकल्यावर, सरांनी नागपूरहून कुणाचं तरी वापरलेलं हेलिकॉप्टर आणलं. रिमोटवर उडणारं, पण खेळणं म्हणू नये असं. खऱ्या हेलिकॉप्टरची हुबेहूब लहान प्रतिकृती. दीड मीटर लांब, निळं-पांढरं, खिडक्या, दरवाजे, आत इवलासा पायलटसुद्धा बसवलेला. पोटात इंजिन. त्याचं इंधनही वेगळं, स्पिरिटसारखं काहीतरी आणि त्यात एरंडेल तेल. सरांचं घर गावाच्या टोकाला होतं. समोर मोकळा लेआऊट, प्लॉट विकलेले पण घरं बांधलेली नाहीत, नुसते खुणेचे दगड. तिथे रविवारी सकाळी सर ते उडवायचे. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची, आणि धूर मागे तरंगत राहायचा.

निर्मलाताई, म्हणजे सरांच्या मिसेस, अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. त्यांना काम नेमून दिलेलं होतं: गाय, माणूस किंवा पतंग आला की ओरडायचं. त्या ठेंगण्या, गोऱ्या, बडबड्या. मला म्हणायच्या, "ताई, लोकायच्या सवती साड्या नेसते. माही सवत एरंडेल पिते." सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण उडवताना हेलिकॉप्टर आधी त्यांच्या समोर आणून थांबवायचे. जमिनीपासून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, नाक त्यांच्याकडे करून, चांगलं मिनिटभर. निर्मलाताई हात जोडून त्याला नमस्कार करायच्या आणि मग ते वर जायचं. आम्ही चेष्टा करायचो. सरांच्या घरचा हा संसार होता, आणि तो बरा चालला होता.

मग निर्मलाताईंना कॅन्सर निघाला.

उपचार अकोल्याला, कारण त्यांचं माहेर तिथलं, भाऊ तिथे. दर एकवीस दिवसांनी दोघं गाडी करून जायची आणि तिसऱ्या दिवशी परत यायची. सर रिटायर झाले होते, मीही झाले होते. त्या परत आल्या की मी मुगाचं पाणी घेऊन जायचे. दुसऱ्या खेपेनंतर त्यांना वास सहन होईनासा झाला. फोडणीचा नाही, साबणाचा नाही, आणि एरंडेलाचा तर मुळीच नाही. सरांचा रविवारचा शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातला होता, तो वाऱ्याने आत उडाला, तेवढ्याने त्यांना उलटी झाली. त्याच दुपारी सरांनी हेलिकॉप्टर जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या पडवीत ठेवलं. शर्ट फेकून दिला.

पुढच्या रविवारी मी तिथेच होते. निर्मलाताई म्हणाल्या, "आज उडवलं नाई?"

"नाई."

"काहून?"

"वास येते ना तुले."

"मंग वास काढा त्याच्यातला. उडवनं काहाले काढता?" मग माझ्याकडे वळून, "सांगा ताई, तीस वर्स पोट्ट्यायले करंट शिकवला यायनं. एक हेलिकॉप्टर करंटवर नाई चालवता येत यायले?"

सरांनी पहिल्यांदा स्विचबोर्ड सोडून निर्मलाताईंकडे पाहिलं. "येते," म्हणाले.

"पन मले इथून दिसलं पाह्यजे. मी आता खुर्ची घेऊन भाईर येत नाई."

समोरच्या खोलीच्या खिडकीतून लेआऊट दिसायचा. त्यांची खाट तिथेच होती. झालं, ठरलं.

सरांनी पडवीत टेबल मांडलं आणि कामाला लागले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं भराभरा काम करताना पाहिलं नव्हतं. इंजिन काढलं, टाकी काढली, धुराची नळी काढली, इंजिन थंड ठेवणारा पंखा काढला. पोट रिकामं झालं. आत वर्षानुवर्षांचं तेल चिकटलेलं, ते त्यांनी गरम पाण्याने, लिंबाने, पुन्हा गरम पाण्याने धुतलं आणि आत नाक घालून वास घेतला. मलाही घ्यायला लावला. "येते का?" "नाही येत." तरी आणखी एकदा धुतलं. मोटार बाहेरून मागवली. ती बसवायला ॲल्युमिनियमची पाटी कापून घासून घरीच केली. मोटारीची लहान चकरी आणि हेलिकॉप्टरची मोठी चकरी यांचे दात फार घट्ट बसले तर झिजतात, फार सैल बसले तर घसरतात. मध्ये पातळ कागदाची पट्टी घालून फिरवायची, कागद चुरगळला पाहिजे पण फाटला नाही पाहिजे. त्यासाठी माझ्याकडून कटिंगचा पातळ कागद मागून नेला. बॅटरी नाकात बसवायची होती, म्हणजे वजन सारखं होतं. ती बांधायला मी जाड निवारीचा पट्टा शिवून दिला, दुहेरी टीप मारून. बॅटरी चार्ज करताना पेट घेऊ शकते म्हणून सर ती वाळू भरलेल्या मडक्यात ठेवायचे. निर्मलाताई म्हणायच्या, "घरात घट बसवला बाप्पा."

महिना झाला असेल. पंखे न लावता मोटार पहिल्यांदा फिरवली तेव्हा मी होते. मोटार फिरली, पण उलटी. सरांनी तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या, पुन्हा फिरवली. सुलटी. एवढंच. सर हसले. सर हसलेले मी मोजून चार वेळा पाहिलेत, त्यातली ही एक.

आतून निर्मलाताई म्हणाल्या, "चालू केलं का?"

"चालूच आहे," सर म्हणाले.

"मंग आवाज काहून नाई?"

"इलेक्ट्रिक आहे ते आता."

"अन् वास?"

"नाई."

मग आतून, "उडवा मंग."

"अजून बॅलन्स व्हायचं आहे," सर म्हणाले.

ते मला बरोबरच वाटलं. तपासल्याशिवाय सर टॉर्चसुद्धा लावायचे नाहीत. बॅलन्स झालं. मग पंखे एका पातळीत फिरतात का ते बघायचं होतं, एका पंख्याच्या टोकाला लाल टेप, दुसऱ्याला पिवळी. ते झालं. मग रिमोट किती लांबून चालतो ते. तेही झालं. मग एक स्क्रू ढिला सापडला. मग दुसरा. मग वारा होता. मग बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटली म्हणून नवी मागवली. नवी आली, तिचं वजन जुन्यापेक्षा जरा जास्त, म्हणून पुन्हा बॅलन्स. संक्रांत झाली. निर्मलाताई आधी उशीला टेकून बसायच्या, मग नुसत्या पडून राहू लागल्या. पडल्या पडल्या खिडकीतून दिसावं म्हणून सरांनी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. अर्ध्या अर्ध्या इंचाने मोजून घातल्या. म्हणजे बघायची सगळी तयारी. फक्त उडवायचं तेवढं नाही.

डॉक्टरांनी अकोल्याला आता यायची गरज नाही असं सांगितलं, त्याच आठवड्यात मी पडवीत गेले. सर भिंग लावून शेपटीकडे बघत होते.

"सर, कधी उडवता?"

"दोष आहे मॅडम."

"आता कोणता?"

"शेपटीच्या पंख्याले जाते तो पट्टा ढिला आहे."

मी बोट घालून पट्टा दाबला. अहो, माझं आयुष्य मशीनचे पट्टे चढवण्यात गेलं. पायाच्या मशीनचा पट्टा कापायचा किती, ताणायचा किती, हे मी झोपेत सांगीन. तो पट्टा पाहिजे तसाच होता.

मग माझा ताबा सुटला. मी तशी तोंडाची फटकळच, ते सगळ्या स्टाफला माहीत होतं. म्हटलं, "सर, पट्ट्यात काही दोष नाही. दोष तुमच्यात आहे. तिकडे बाई दिवस मोजून राहिली अन् तुम्ही इथं इस्क्रू मोजून राहिले. जन्मात तिनं तुम्हाला एक मागितलं. मंत्र्याच्या नशिबी हेलिकॉप्टर होतं, तुमच्या बायकोच्या नशिबी नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते तुमच्यासारख्यालाच."

माझ्या मागे भिंत होती, तिच्यावर एक बटण होतं. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग पेन उचललं आणि कागदावर 'पट्टा' असं लिहिलं. मी निर्मलाताईंना न भेटताच निघून आले. घरी येऊन मुगाचं पाणी मोरीत ओतून दिलं.

चार-पाच दिवस गेले नाही. मग राहवेना म्हणून गेले. सर औषध आणायला बाहेर गेले होते. निर्मलाताई एवढ्याशा झाल्या होत्या. चादरीखाली कुणी आहे हे सांगावं लागलं असतं. पण डोळे उघडे होते आणि आवाज बारीक असला तरी त्यांचाच होता.

"ताई, तुमी त्यायले लय बोलल्या."

"ऐकू आलं का?"

"मी काय बहिरी झाली का? बसा." मी बसले. "त्यायले बोलू नका. चूक माही आहे."

मग त्यांनी सांगितलं. मधे मधे थांबत, पण सरळ सांगितलं. तिसऱ्या खेपेला अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे त्यांना गाडी थांबवून उलट्या झाल्या. रस्त्याच्या कडेला सर पाठीवर हात फिरवत होते. तिथे त्या म्हणाल्या, तुमचं हेलिकॉप्टर उडताना एकदा पाह्यलं का मी मोकळी.

"आपन नाई का म्हनत ताई," त्या मला म्हणाल्या, "पोरीचं लगन झालं का मोकळी, नातवाचं तोंड पाह्यलं का डोळे मिटाले मोकळी. तसं म्हनलं मी. अख्खा वऱ्हाड म्हनते तसं. कोनी मरते का त्यानं? पन हा मानूस. यायले एखादी गोष्ट सांगतली का हे तशीच धरते. तेव्हापासून त्यायचं काम सरत नाई."

मी त्यांची चादर सारखी केली.

"सकाळी मी झोपली असं पाहून पट्टा ढिला करते. दुपारी सापडला म्हनते. इथून पडवी दिसते मले, या आरशात." कपाटाच्या आरशाकडे त्यांनी डोळ्यांनीच दाखवलं. "ते झालं का इस्क्रू. इस्क्रू झाला का बॅटरी काढते, पुन्हा बसवते."

"मग त्यांना सांगा ना," मी म्हटलं. "सांगा की तसं काही नसतं. मी सांगते."

"नाई." हे त्या जरा जोरात म्हणाल्या आणि त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, ते ओठांवरच राहिलं. "तुमी नाई सांगायचं. म्या वळखलं असं त्यायले समजलं, तर काय राहते त्यायच्या हातात? काम आहे तोवर दोन टाईम जेवते. मले जगवून राहिलो असं वाटते त्यायले. वाटू द्या."

"तुम्हाला पाहायचं नाही का?"

"पाह्यचं होतं," निर्मलाताई म्हणाल्या.

मग बाहेर गेट वाजलं. सर औषध घेऊन आले. मला पाहून म्हणाले, "मॅडम, बसा, चहा ठेवतो." निर्मलाताई त्यांना म्हणाल्या, "झाला का तुमचा पट्टा?" सर म्हणाले, "आज होते." त्या म्हणाल्या, "होऊ द्या. सावकास करा." मी चहा घेतला. त्याला चव होती की नाही, सांगता येणार नाही.

निर्मलाताई फाल्गुनात गेल्या, सकाळी चहाच्या वेळी. मी पोचले तेव्हा सर खुर्चीत बसले होते आणि शेजारच्या बाया सगळं करत होत्या. मला रडू आलं नाही. मी कपाटातून साडी काढून दिली, हिरवी, त्यांना आवडायची ती. निऱ्या मीच केल्या. पुण्याहून मुलगी, पल्लवी आली. तिला रडताना पाहून मला वाटलं, आता आपल्यालाही येईल. नाही आलं. ते तेरा दिवस मी रोज गेले, रोज काहीतरी केलं, पण कुणी मला विचारलं की काल तिथे काय झालं, तर सांगता येत नसे. हातापायात कापूस भरल्यागत झालं होतं. सरही तसेच. जेव म्हटलं की जेवायचे, बस म्हटलं की बसायचे. लोक येऊन सांत्वन करायचे आणि सर त्यांच्या मागच्या स्विचबोर्डकडे बघायचे. लोकांना वाटायचं, दुःखाने असं झालंय.

तेरवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी सातले येता का? वारा नसते तेव्हा."

मी गेले. पल्लवी आत झोपली होती. समोरच्या खोलीतून खाट हलवली होती. तिथे एक ठेंगणा पाट ठेवलेला आणि भिंतीवर पेन्सिलची एक बारीक आडवी रेघ.

"तिथं बसा," सर म्हणाले. "डोळे या रेघेपाशी ठेवा. तिची नजर तिथं यायची." मी बसले. मान थोडी खाली करावी लागली. "हं. तिथूनच पाहा. हलू नका." एवढं सांगून ते बाहेर गेले.

खिडकीच्या चौकटीत लेआऊट, खुणेचे दगड, वाळलेलं गवत. एका दगडाशी हेलिकॉप्टर ठेवलेलं. सरांनी बॅटरी जोडली, दहा पावलं मागे आले. पंखे फिरायला लागले. आवाज नव्हताच म्हणा, सुपात धान्य पाखडावं तेवढा. गवत आडवं झालं. आणि ते उठलं. हळू नाही, अडखळत नाही, सरळ उठलं. घराकडे आलं, अंगणाच्या वर आलं, नाक खिडकीकडे केलं आणि थांबलं. पुढे नाही, मागे नाही. निळं-पांढरं, सगळंच्या सगळं खिडकीत मावलेलं. आत बसलेला तो इवलासा पायलटसुद्धा मला दिसला. वास कसलाच आला नाही. मी त्या रेघेपाशी डोळे धरून बसले होते आणि मला एवढंच वाटत होतं की हे मी का बघतेय. ही जागा माझी नाही. ते मिनिटभर तिथे राहिलं आणि मग सरांनी ते नेऊन दगडापाशी उतरवलं.

नवीन जोडलेलं हेलिकॉप्टर पहिल्या खेपेला कधी सरळ उभं राहत नाही, हे मला सरांनीच सांगितलेलं. ते एका बाजूला जातं. मग रिमोटवरची बारीक बटणं टकटक दाबून त्याला सरळ करायचं, दहा-वीस टिचक्या लागतातच.

सर खिडकीपाशी आले. गजांपलीकडे उभे राहिले.

"दिसलं?"

"दिसलं."

"पुरं दिसलं? का शेपटी कापल्या गेली?"

"पुरं दिसलं, सर."

त्यांनी मान हलवली. हातातल्या रिमोटकडे पाहिलं. "पह्यल्या खेपेले एक टिचकी बी नाई लागली," म्हणाले. "एक बी नाई."

सर स्विचबोर्डकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, सरळ माझ्या तोंडाकडे. म्हणाले, "तिले जाईपर्यंत वाटत राहिलं असन, का मले जमलंच नाई."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आयुष्यभर मी कुणाला काही बोलायचं ठेवलं नाही, हेडक्लार्कला नाही, प्राचार्यांना नाही, या माणसाला तर नाहीच. आणि तेव्हा एक वाक्य सांगायचं होतं, की तिला सगळं माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर लगेच पुढचंही सांगावं लागलं असतं, की माहीत असून ती तुमच्यासाठी न बघता गेली. ते ऐकून हा माणूस त्या खिडकीपाशी उभा राहिला असता का, ते मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "सर, चहा टाकते."

"टाका," सर म्हणाले.

ते परत लेआऊटमध्ये गेले. हेलिकॉप्टरपाशी उकिडवे बसले, नाकाचं झाकण उघडून बॅटरीची वायर काढली. मग तसेच बसून राहिले, पाठ घराकडे करून. दूध वर येईपर्यंत मी स्वयंपाकघरातून पाहत होते. पल्लवी उठून आली आणि म्हणाली, "बाबा तिथं काय करून राहिले?" मी म्हटलं, "तपासून राहिले." त्याच आठवड्यात ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. सर अधूनमधून फोन करतात, मशीन नीट चालते का विचारतात. मी हो म्हणते. खिडकीपाशी राहून गेलेलं ते वाक्य मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.